दोन मीटरच्या आत

नवऱ्याने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं ते उगाच नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या बाईने एका जागी दबा धरून बसावं, अशी आपली समजूत असते. ही तळ्याकाठीसुद्धा घटकाभरात तीन दगड बदलायची. त्या आठवड्यात तर विचारूच नका. जुन्या लेन्सने मान टाकली होती, नवी घ्यायची होती, आणि कोणती घ्यायची यावरून तिचं स्वतःशीच भांडण जुंपलं होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानात काकांनी दोन लेन्स समोर ठेवल्या होत्या. दोन्ही फास्ट, म्हणजे कमी उजेडातही काम भागवणाऱ्या, आणि दोन्हींना झूम नाही. मागेपुढे व्हायचं तर आपल्या पायांनी. एकशे पस्तीस मिलिमीटरची लेन्स लोणच्याच्या लहान बरणीएवढी. गळ्यात अडकवून दिवसभर समारंभांचे फोटो काढावेत, अंधाऱ्या हॉलमध्येही चेहरे कसे लख्ख येतात. पण तळ्यापलीकडचा खंड्या पक्षी मोहरीएवढा दिसणार. दुसरी तीनशेची. तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर घ्यावी लागणारी, पण तिच्यातून त्याच खंड्याच्या डोळ्यातली चमक मोजून घ्यावी. भिंगरीचं पोट समारंभांवर भरत होतं आणि जीव पाखरांत अडकला होता.

"मोठी दोन दिवस घेऊन जा, ताई," काका म्हणाले. "वापरून बघा, नाही पटली तर परत आणा. फक्त एक लक्षात ठेवा. दोन मीटरच्या आतलं हिला धड दिसत नाही. कुणी जवळ आलं तर आपणच मागे सरकायचं."

"माझ्या एवढ्या जवळ कोण येतंय, काका?" भिंगरी हसत म्हणाली, पण ते बोलणं तिचं तिलाच टोचलं.

कारण घरात एक दहा वर्षांची पोर होती. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची. पोर उद्धट नव्हती, रडकी नव्हती, सांगितलेलं ऐकायची; फक्त भिंगरीशी थेट बोलायची नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सगळा कारभार बापामार्फत. भिंगरी हाताच्या अंतरावर उभी असायची आणि पोर म्हणायची, "बाबा, तिला सांग, माझं दप्तर तिच्या बॅगेखाली आलंय." भिंगरीने खाऊ आणून पाहिला, गोष्टी सांगून पाहिल्या, मग नुसतं थांबूनही पाहिलं, आणि थांबणं हा काही तिचा प्रांत नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की पोरीने एकदा आपल्याकडे बघून आपल्याशी बोलावं. भांडली तरी चालेल.

त्या दिवशी पोर चहाच्या वेळी म्हणाली, "बाबा, तिला सांग, उद्या शाळेत माझं नाटक आहे. फोटो काढायचे तर काढ म्हणावं."

भिंगरीने कप खाली ठेवला आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्यावर गेली. खंड्या समोरच्या फांदीवर बसला आणि तीनशेच्या लेन्समधून त्याच्या चोचीवरचा थेंबसुद्धा दिसला. मग तो उडून अगदी जवळच्या खुंटावर आला. डोळा न काढता ती गुडघ्यांवर मागे सरकली, एकदा, दोनदा, आणि फोटो मिळाला. दंड भरून आले, पण मन ठरलं. हीच घ्यायची.

संध्याकाळी ती हॉलच्या शेवटच्या रांगेमागे उभी राहिली. नवरा पुढे खुर्चीत होता. रंगमंचावरचा उजेड पिवळट आणि कंजूष, पण लेन्सने तो निभावून नेला. पोर म्हातारा शिंपी झाली होती. कापसाची मिशी, गळ्यात खरीखुरी टेप. वाक्य आठवेना की ती बापासारखीच खालचा ओठ चावायची. हे घरात कधी दिसलं नव्हतं. नाटकभर ती हॉलमध्ये कुणाला तरी शोधत होती, आणि मग तिची नजर थेट लेन्सवर येऊन थांबली.

पडदा पडला. पोर रंगमंचावरून उडी मारून खुर्च्यांमधल्या वाटेने धावत सुटली. बापाची खुर्ची आली तशी मागे पडली, ती थांबली नाही. भिंगरीच्या चौकटीत चेहरा मोठा होत गेला. मिशी लोंबकळत होती, दोन्ही हात पुढे आले होते. मग चित्र पुसट व्हायला लागलं आणि भिंगरी एक पाऊल मागे सरकली. पोर आणखी पुढे आली. भिंगरी आणखी मागे. तिची पाठ भिंतीला टेकली.

पोर जागच्या जागी थांबली. पुढे आलेले हात खाली गेले. तिने टेप मुठीभोवती गुंडाळायला घेतली.

भिंगरीने कॅमेरा खाली केला. "अगं, तसं नाही..."

तोवर बाप मागून आला होता. "बाबा, तिला सांग, असू दे," पोर म्हणाली.

घरी आल्यावर भिंगरी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालत राहिली. "बस ना जरा," नवरा म्हणाला. "बसवत नाहीये मला," ती म्हणाली. फोटो एकाहून एक सरस आले होते. शेवटच्यात नुसते दोन धूसर हात होते. ते पाहून तिला रडू फुटलं.

सकाळी पोर दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होती. भिंगरी तिच्यासमोर चक्क फरशीवर बसली.

"काल मी तुझ्यापासून लांब नाही गेले. या लेन्सला दोन मीटरच्या आतलं दिसत नाही. पाय सवयीने मागे गेले."

पोरीने मान वर करून बापाला शोधलं. तो आंघोळीला गेला होता. तिने नाडीची गाठ सोडली, परत बांधली, आणि मग भिंगरीकडे बघितलं.

"पण तुला दिसतं ना?"

"दिसतं," भिंगरी म्हणाली. "चुकलंच माझं."

शाळा सुटल्यावर पोर तिच्याबरोबर दुकानात आली, गळ्यात शिंप्याची टेप घालून. काकांनी मोठी लेन्स परत घेतली आणि लहान लेन्स कॅमेऱ्याला लावून दिली. भिंगरीने डोळा लावला. पोर एकेक पाऊल पुढे येऊ लागली.

"आता?"

"दिसतेस."

"आता?"

"दिसतेस की."

आणखी एक पाऊल, आणि चेहरा पुसट झाला. भिंगरीची टाच आपसूक उचलली गेली. तिने ती परत टेकवली आणि कॅमेरा डोळ्यावरून काढून काउंटरवर ठेवला.

"हीच द्या, काका."

"आणि पाखरांचं काय, ताई?"

"बसतील लांब. त्यांना सवय आहे."

पोरीने टेप उलगडली. एक टोक भिंगरीच्या नाकावर टेकवलं, दुसरं आपल्या नाकावर धरलं आणि आकडा वाचायला डोळे तिरळे केले. ती अजून पुढे सरकली तशी टेप सैल पडली.

"हलू नकोस ना," ती म्हणाली.

भिंगरी हलली नाही.