तोंड आलं

मला तोंड आलं. केमोचा डोस झाला आणि जिभेवर, गालांच्या आत, हिरड्यांवर, जागा मिळेल तिथं फोड उठले. साधं पाणी मिरचीसारखं झोंबायला लागलं. मी जेवण टाकलं, बोलणंही टाकलं. त्यावर घरात सगळ्यांची तब्येत सुधारली. मुलगा विनीत तर शीळ घालायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन उतरलं तर पुढचा डोस लांबवणार. मला हे दुखणं लवकर खलास करायचं होतं.

रविवारी गेलो. सून पूर्णिमा आणि नात कश्मिरा बरोबर. डॉक्टर सुमय्या इथल्याच अरब, बुसैतीन गावच्या. त्यांना मराठी नाही, मला इंग्रजी नाही. मध्ये कश्मिरा.

"सांग, आजीला तोंड आलंय."

तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई एकदम खूश. "माशाल्ला," म्हणाल्या.

"अगं, काय सांगितलंस?" पूर्णिमा ओरडली.

"माउथ हॅज कम बॅक. आजीच म्हणाली."

"गेलं होतं कधी?" पूर्णिमा पुटपुटली. कान चांगले आहेत माझे.

मग पूर्णिमानंच त्यांना नीट समजावलं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, काटा खाली. बॅटरी घेतली. "आजी, ओपन."

मी तोंड मिटून बसले. माझे वरचे दात माझे नाहीत, कवळी आहे. हे आमच्या ह्यांना ठाऊक होतं, ते गेले. पूर्णिमा मनामाच्या मराठी मंडळात सांगत फिरते, "आमच्या आईंचे सगळे दात शाबूत, अजून फुटाणे खातात." मी तिला कधी खोटं पाडलं नाही.

"सुनेला बाहेर काढ," मी कश्मिराला म्हटलं.

"मी का बाहेर? आई, उघडा ना!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंड बघितल्याशिवाय डोस मफी. हा शब्द मला कळतो. दुकानात कोथिंबीर संपली की हाच ऐकायला मिळतो.

मी कवळी काढली आणि पूर्णिमाच्या हातावर ठेवली. "धर."

तिनं धरली. दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तशी. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदाच.

कवळीखालीच सगळ्यात मोठा फोड निघाला, घासून घासून चिघळलेला. बरं होईपर्यंत कवळी बंद. मीठ आणि खायचा सोडा पाण्यात घालून गुळण्या. तिखट, आंबट, गरम काही नाही. जेवणाआधी लावायला मलम. आठवड्यानं या, खाल्लेलं दिसलं तर डोस.

जुफैरला घरी आल्यावर पूर्णिमानं मऊ पेज केली, गार केली, वर तूप घातलं. मी बोळक्या तोंडानं सगळ्यांसमोर बसले. विनीतची शीळ थांबली. बघ म्हटलं, बघून घे.

तेवढ्यात मंडळातल्या सुनीताचा फोन.

"आईंचं तोंड ना? होईल बरं," पूर्णिमा म्हणाली. मग तिची नजर टेबलावर वाटीत ठेवलेल्या कवळीकडे गेली. "दात? अगदी शाबूत. एकही हललेला नाही."

मी ताटली पुढं केली. "वाढ अजून."

"आई, मीठ बरोबर आहे?"

"कमी आहे," मी म्हटलं. फोडांना बरोबर होतं. पण तिला एवढ्यात सांगायची घाई नव्हती.