पुढची पाळी कुणाची

सहा शुक्रवार मी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत वीस खुर्च्या मांडल्या आणि सहाही वेळा त्या पुन्हा भिंतीला लावून ठेवल्या. एकदा दोघं जण आले होते. त्यातला एक पुस्तक परत करायला आला होता.

सार्बिनाझ मात्र दर वेळी शेवटपर्यंत थांबायची. ती उझबेकिस्तानातल्या मुयनाकची, कराकालपाक जमातीची. अरल समुद्र आटून दूर गेला त्या गावची. इथं किर्गिझस्तानात, जलालाबादला येऊन तिला चार वर्षं झाली होती. जर्दाळूच्या बागवाल्यांना फोनवरून शीतगृहात जागा राखून द्यायचा तिचा धंदा, आणि तो बरा चालला होता. इथं एखाद्याचं बरं चाललं की तो बिश्केकला जातो, नाहीतर मॉस्कोला. तिला ते नको होतं. गावात जे कुणी काही नवं उभारतायत त्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं, कुठं अडलंय ते एकमेकांना सांगावं, एवढंच तिचं म्हणणं. संचालकांनी खोली मार्चअखेरपर्यंत दिली होती. मंडळ उभं राहिलं तर पुढेही मिळणार, नाहीतर ती खोली गावातल्या मस्तुरा आपाला शिवणकामासाठी जाणार होती.

वाचनालयातून मी निवृत्त झालो तरी लोक मला अजून आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, आणि किल्लीही माझ्याकडेच होती. कुणी परत मागितली नाही आणि मलाही द्यायचं धाडस झालं नाही.

सातव्या आठवड्यात ती म्हणाली, "आगाय, खरं सांगा. मी परकी आहे म्हणून येत नाहीत का?"

चूक काय ते मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. पण जन्मभर पुस्तकांना नंबर घालत बसलेल्या माणसानं धंद्याच्या गोष्टीत तोंड का घालावं, म्हणून गप्प बसलो होतो. त्या गप्पपणात तिचा दीड महिना वाया गेला.

"तू फोनवर सगळ्यांना एकदम बोलावतेस," मी म्हणालो. "सगळ्यांना बोलावलं म्हणजे कुणालाच बोलावलं नाही. इथं दारात येऊन बोलावल्याशिवाय माणूस सख्ख्या पुतण्याच्या लग्नालासुद्धा जात नाही."

"मग जाऊ या की दारात."

"जाऊ या?"

"मी एकटी कशी जाणार? सोबत कुणीतरी वडीलधारं हवं. चपला घाला, आगाय."

अनोळखी दारावर थाप मारायचं मी जन्मभर टाळलं होतं. तरी गेलो. पहिलं घर जानुझाकचं. मधमाश्यांच्या पेटीखाली ठेवायचा वजनकाटा त्यानं बनवला होता. पेटीत मध किती भरला ते डोंगरावरून थेट फोनवर कळायचं. तो अंगणात फळ्या कापत होता.

"मुयनाकवाली ना तू?" तो म्हणाला. "समुद्र पळवून लावलात, आता आमच्या गावात काय उरलंय ते बघायला आलीस?"

"समुद्र आधी गेला, मी नंतर," सार्बिनाझ म्हणाली. "एकदा गाव सोडून झालंय, दादा. पुन्हा सोडायचा बेत नाही. तुझा काटा थंडीत बंद पडतो असं ऐकलं."

त्यानं करवत खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"शुक्रवारी ये, सांगते."

"वाचनालयात? तिथं काय, भाषण? माझी शेरिने आहे, वर्गमित्रांची. दर महिन्याला एकेकाच्या घरी जमतो, खातो, बोलतो. मला आणखी मंडळ कशाला?"

परत येताना ती म्हणाली, "आपणही शेरिनेच करू. शुक्रवारची."

"शेरिनेत ज्याची पाळी त्याच्या घरी जेवण असतं," मी म्हणालो. "तुझं घर कुठाय? तू एका खोलीत भाड्यानं राहतेस. आणि ज्याला पाळी घेता येत नाही, त्याला शेरिनेत जागा नसते."

"पहिली पाळी माझी. वाचनालयात. संचालकांना मी विचारते."

मग आम्ही आणखी आठ दारं वाजवली. तिसऱ्या दारानंतर थाप मीच मारायला लागलो. का, ते मला सांगता येणार नाही.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मी खुर्च्या मांडल्याच नाहीत. खाली सतरंज्या अंथरल्या, मधोमध दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायचं कापड. सकाळपासून सार्बिनाझ मागच्या अंगणात गॅसची शेगडी लावून बसली होती. ज्वारीच्या पिठाचे जाडसर तुकडे मांसाच्या रश्श्यात उकडून तिनं तिच्या गावाकडचं गुर्तिक केलं. नऊजण आले. मस्तुरा आपाही आली, पण टेप घेऊन, खिडक्या मोजायला.

"मी खोली बघायला आलेय हं," ती दारातूनच म्हणाली.

"आधी बसा, आपा," सार्बिनाझनं तिच्या हातात वाटी दिली.

जेवताना बोलणं निघालं आणि मग थांबेना. थंडीत जानुझाकच्या काट्याची बॅटरी उतरायची. शीतगृहातल्या तापमापकांना सार्बिनाझ लोकरीचं आवरण शिवून घ्यायची, तिनं ते त्याला दाखवलं. "हे शिवलंय कुणी? गोणपाट शिवल्यासारखं!" मस्तुरा आपा म्हणाली आणि टाका कसा घालायचा ते सांगायला लागली.

मग चहा झाला. सार्बिनाझनं विचारलं, "पुढची पाळी कुणाची?"

सगळे पेल्यात बघायला लागले. एकाच्या घरी पाहुणे होते, एकाची आई आजारी, एकाचं छप्पर उघडं पडलेलं. मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली. मी त्यांच्यात वयानं मोठा. मी हात वर करून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय दस्तरखानावरून कुणाला उठता येत नव्हतं.

सार्बिनाझ माझ्याकडे बघत नव्हती. ती रिकाम्या वाट्या एकात एक घालत होती, अगदी सावकाश.

मी हात गुडघ्यांवरच ठेवले.

"आगाय, बाता द्या ना," जानुझाक म्हणाला. "उशीर होतोय."

"देतो," मी म्हणालो. "पुढची पाळी ठरली की देतो."

माझाच आवाज मला परका वाटला. आता कुणीतरी हसणार असं वाटलं, आणि हसलेही.

"हे बघा, पुस्तकवाले आगाय! आम्हाला कोंडून ठेवतायत!"

"पाय आखडले माझे," मस्तुरा आपा म्हणाली. "घे की रे जानुझाक. दोन वाट्या ओरपल्यास."

"आणि तुम्ही तीन, आपा!"

"मी खिडकी मोजायला आले होते!"

कुणी उठेना. मी हात उचलेना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मी कटाक्षानं टाळलं.

"बरं बाबा," शेवटी जानुझाक म्हणाला. "पुढचा शुक्रवार माझ्याकडे. पण सार्बिनाझ, ते आवरण घेऊन ये."

"त्याच्या पुढचा माझा," मस्तुरा आपा म्हणाली. "कुठं ते विचारू नका. घरी जागा नाही, म्हणून तर ही खोली बघत होते."

"मग घ्या ही खोली," सार्बिनाझ म्हणाली. "मी आजच संचालकांना सांगते. आम्ही आता घरोघरी जमणार, आम्हाला नको. तुमच्या पाळीला इथंच येऊ."

मला धक्का बसला. गेले दोन महिने ती या खोलीसाठी झगडत होती. पण तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही गमावल्याची खूण नव्हती.

"तिसरा शुक्रवार, आगाय?" तिनं विचारलं. "तुम्हीही जेवलात."

माझ्याकडे दोनच वाट्या आहेत आणि मला स्वयंपाक येत नाही. मी तसं सांगितलंही. वाट्या ज्यानं त्यानं आपापल्या आणायच्या, असं ठरलं.

मग मी दोन्ही हात वर केले.