ग्रीस मागणारा सांधा

परसातल्या पत्र्याच्या छपराखाली, विटांवर टेकवलेल्या लोखंडी सांगाड्यापाशी, त्या दिवशी सकाळीच माझ्या आणि लेकाच्या भांडणाला तोंड फुटले. भांडण होते पुढच्या चाकांच्या सांध्यांचे.

सांगाडा आमच्या घरच्या ट्रॅक्टरचा. विहिरीवरचे वापराविना पडलेले डिझेल इंजिन, भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स, आणि बाकी सारे आमच्या वेल्डरने जोडलेले. अंगावर सदा वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोके पडलेला सदरा, म्हणून त्याला सगळे ठिणगी म्हणतात. लेक शहरात कारखान्यात फिटर; पंधरा दिवसांची रजा काढून केवळ या कामासाठी आला होता. भाड्याचे मोठे ट्रॅक्टर माझ्या माळावरच्या अरुंद पट्टीत वळत नाहीत, आणि माझी पाळी नेहमी सगळ्यांच्या शेवटी, नांगरणीजोगा वाफसा उडून गेल्यावर. रान माझे आणि नांगर दुसऱ्याच्या मर्जीचा, हे मला सोसवत नाही, असे मी चारचौघांत सांगत असे. मागल्या वर्षी दोन्ही म्हातारे बैल एकामागोमाग गेले, आणि तेव्हापासून सकाळी उठून कोणासाठी उठायचे हेच मला कळेनासे झाले होते. ते मात्र मी कोणालाही सांगितले नव्हते.

लेकाने मोटारीचे बॉल जॉइंट आणले होते. वाटीत बसवलेली पोलादी गोळी, वर रबरी टोपी, आतले ग्रीस कायमचे. ठिणगीने जुन्या टेम्पोच्या किंगपिन आणल्या होत्या. अंगठ्याहून जाड सरळ खिळा, त्याभोवती बुशाची पितळी नळी. मजबूत, पण रोज सकाळी ग्रीस मागणारा.

लेकाचे म्हणणे असे की बॉल जॉइंट बसवला की वर्षभर त्याच्याकडे बघायला नको. ठिणगीचे म्हणणे असे की माळावरचे दगड आठ दिवसांत ती टोपी फाडतील, धूळ आत शिरेल आणि नांगराच्या ऐन तासात चाक निसटेल. दोघेही आपापल्या जागी खरे होते. मी दोन्ही सांधे हातात घेऊन तोलून पाहिले.

"किंगपिन बसवा," मी म्हटले.

"आई, ग्रीस चुकलं तर बुश जाम होईल. स्टिअरिंग वळायचं नाही. तुझे गुडघे असे, रोज कोण वाकणार खाली?"

"बैलांना तीस वर्षं वैरण कोणी घातली? तुझ्या कारखान्याने?"

"बैल भूक लागली की हंबरतात. हा हंबरणार आहे का?"

"तू तरी कुठं हंबरतोस," मी म्हटले. ठिणगी खाली मान घालून पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

किंगपिन बसल्या. तेराव्या दिवशी मी स्वतः पट्टीवर ट्रॅक्टर चालवला. उभ्या जन्मात सीटवर बसून केलेले हे माझे पहिले शेतकाम. बांधाशी तो एका दमात वळला. लेक बांधावरून नुसता चाकांकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. पंधराव्या दिवशी तो गेला. जाताना ग्रीसचा पंप कसा धरायचा ते त्याने तीनदा सांगितले. बाकी काही बोलला नाही. बोलण्यात तो बापावर गेला आहे. महिना महिना फोन नसे, आणि लेकाला आपणहून फोन करायचा नाही, हा माझा नियम.

तिसऱ्याच दिवशी फोन वाजला.

"ग्रीस भरलंस?"

"भरलं."

"दोन्हीकडं? जुनं बाहेर येईस्तोवर?"

"कोंबडीचे पाय बरबटले, एवढं."

तो हसला. त्याचे हसणे कितीतरी दिवसांनी कानी पडले. पुढे दर रविवारी फोन येऊ लागला. ग्रीसपासून गोष्ट निघे, मग पावसावर जाई, एकदा तर माझ्या गुडघ्यांवरही आली. रोज सकाळी गोणपाट अंथरून मी चाकापाशी बसे, गोठ्यात बसत असे तशी. घरात दुसरे माणूस नाही. पण काहीतरी माझी वाट पाहत आहे, एवढे उठायला पुरे होते.

मग एक पार्सल आले. जाड, धातूच्या टोपीचे नवे बॉल जॉइंट. आत त्याच्या अक्षरात चिठ्ठी: 'याला दगड लागत नाहीत. ठिणगीकडून बसवून घे. मग तुला रोजचा त्रास नको, मलाही काळजी नको.'

चिठ्ठी मी दोनदा वाचली. लेकाने माया करावी आणि ती काळजात रुतावी, असेही होते. खोके पुन्हा सुतळीने बांधून मी धान्याच्या कणगीमागे ठेवून दिले.

रविवारी फोन आला तेव्हा ठिणगी पायरीवर पाणी पीत बसला होता.

"बसवले का नवे जॉइंट?"

"ठिणगीला सवड नाही."

ठिणगीने तांब्या खाली ठेवला आणि तोंड उघडले. मी डोळे वटारले. त्याने तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

"कधी होईल सवड?"

"त्याच्याकडं कामं फार."

मग तो म्हणाला, "बरं. तोवर ग्रीस चुकवू नकोस. मी विचारीन पुढच्या रविवारी."

"विचार," मी म्हटले, आणि नेहमीप्रमाणे फोन मीच आधी ठेवला.