व्हर्नाकाकूंची दहा मिनिटं

मतदान केंद्रावर काम करायला सायमाने नाव दिलं ते खरं सांगायचं तर पेस्टीसाठी. व्हर्नाकाकूंची पेस्टी म्हणजे करंजीचा आकार, पण दोन तळहातांएवढी, आत बीफ, बटाटा, कांदा. प्रत्येक निवडणुकीत संध्याकाळी सातच्या पुढे काकू रस्त्यापलीकडच्या घरी जाऊन ओव्हनमधून सगळ्यांसाठी गरमागरम घेऊन येत. बावीस वर्षं!

या खेपेला पेस्टी नाही. सकाळी सातपासून काकू मतपेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच. दोनदा उठल्या, तेही लेम्पीमावशीला बरोबर घेऊन. बाथरूमला! पेटीपाशी तेवढा वेळ एकटी सायमा. म्हणजे सतरा वर्षांच्या पोरीवर विश्वास आणि चाळीस वर्षं जुन्या मैत्रिणीवर नाही.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकू एका पक्षाच्या, मावशी दुसऱ्या. मागच्या निवडणुकीत काकूंचा पक्ष हरला आणि राज्यभर ओरड सुरू झाली, पेट्यांत काळंबेरं आहे, निकाल रद्द करा. पक्षाचे वकील इथवर आले. काकूंना एवढंच विचारलं, पेटीसमोरून कधी उठलात का? काकू खोटं बोलत नाहीत. हो, म्हणाल्या, दहा मिनिटं, पेस्टी आणायला. पेटीपाशी एकटी लेम्पी होती, त्या दहा मिनिटांत काय झालं? मला काय माहीत, मी नव्हते. बस्स! त्याचा कागद झाला, कागदाचा दावा झाला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. मतं हाताने पुन्हा मोजली, एकाचाही फरक निघाला नाही. संपलं, असं पेपरात आलं.

संपलं कुठलं! मावशीच्या घराबाहेरच्या टपालपेटीचा कोणीतरी बॅटने चेंदामेंदा केला. केंद्रावरच्या सहा जणांतले चौघे 'आम्हाला नको ही भानगड' म्हणून निघून गेले. तिघांशिवाय केंद्र उघडता येत नाही, म्हणून तर सायमाला घेतलं. आणि दर शनिवारी मावशी सौना, म्हणजे घामाची खोली, तापवायची, दोघी आत बसून घाम गाळत अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या, तर काकूंचं तिथे जाणंच बंद झालं.

आठ वाजले. दार बंद झालं. यादीत पाचशे अठ्ठ्याण्णव नावं, पेटीवरच्या मोजणीयंत्रावर पाचशे अठ्ठ्याण्णव मतं. सायमाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मतपत्रिका बॅगेत गेल्या, सील लागलं. आता सीलच्या कागदावर दोन्ही पक्षांची एकेक सही हवी. एकही कमी पडली, तर उद्या कोणी आक्षेप घेतला तरी ही बॅग पुन्हा मोजता येणार नाही, आणि बोटं पुन्हा मावशीकडेच वळणार.

मावशीने सही करून पेन पुढे केलं. काकूंनी घेतलं. हात तिथेच थांबला.

"कर की," मावशी म्हणाली. "का वकिलाला फोन लावायचाय?"

"टोमणे नकोत, लेम्पी."

"मग काय देऊ? पेस्टी तर तू आणली नाहीस."

सायमाला फिस्सकन हसू आलं. दोघींनी असं पाहिलं की तिने ते गिळून टाकलं.

"मी खोटं नव्हते बोलले," काकू म्हणाल्या. "मी नव्हते तिथे. तेच सांगितलं."

"हो ना. बावीस वर्षं दर खेपेला तू दहा मिनिटं नसायचीस. तेव्हा काय चालायचं गं इथे?"

काकू पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. सायमा मनातल्या मनात ओरडत होती, करा हो काकू, करा!

"तू माझी कॉफी ओतून ठेवायचीस," काकू शेवटी म्हणाल्या. "वर बशी झाकून."

"आणि?"

"आणि काय! काही नाही."

"हे त्या वकिलाला सांगायचं राहिलं."

"त्याने विचारलं नाही." काकूंनी टोपण काढून टेबलावर ठेवलं. "मीही सांगितलं नाही."

त्यांनी सही केली. मग खिशातून फोन काढून सीलवरच्या क्रमांकाचा फोटोही काढला. मावशीने तो काढू दिला, पण तिचा चेहरा असा उतरला की सायमाने दुसरीकडे पाहिलं.

"कोणी विचारलं तर, म्हणून," काकू पुटपुटल्या.

"असू दे."

बॅग जिल्ह्याच्या कचेरीत पोचवायची होती. दोन पक्षांच्या दोघी, एकाच गाडीतून, नियमच तसा. काकू कोट चढवत म्हणाल्या, "शनिवारी तापवणारेस का?"

"तापवते दर शनिवारी."

"मग येते."

"ये." मावशी बॅग उचलायला वाकली. "पण दाराला आता कडी असते. वाजव, म्हणजे उघडीन."

ते दार काकूंनी आजवर कधी वाजवलं नव्हतं, नुसतं ढकललं होतं.

"वाजवीन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेची दुसरी बाजू धरली.