काही करत नाही तो

ठोंब्याचे चिखलानं भरलेले दोन्ही पंजे मुलीच्या पांढऱ्या शर्टावर टेकले, तेव्हा बाई अजून पन्नास-साठ पावलं मागे होत्या. तिथूनच हात उंच करून त्या म्हणाल्या,

"काही करत नाही तो. खेळायला येतो."

मुलीचा बाप बसचा ड्रायव्हर होता. डेपोचा बिल्ला लावलेला सदरा अंगात, चार वर्षांचा धाकटा कडेवर. कुत्रा सुसाट येताना पाहून त्यानं धाकट्याला पार खांद्यापर्यंत उचललं आणि दुसरा हात मुलीकडे नेला. पण त्या हातात दोन दप्तरं होती. म्हणून थोरली खालीच राहिली. ती ओरडली नाही. डोळे मिटून, हनुवटी वर करून उभी राहिली, आणि तिच्या हातातला डबा तेवढा सुटला. झाकण चाकासारखं घरंगळत वाटेलगतच्या तळ्याच्या कठड्याकडे गेलं, तसा ठोंब्या तिला सोडून झाकणामागे धावला.

"कुत्रं आवरा तुमचं," ड्रायव्हर म्हणाला.

बाई धापा टाकत पोचल्या. डबा त्यांनीच वाकून उचलला, झाकण ठोंब्याच्या तोंडातून सोडवलं, पदराला पुसलं आणि मुलीपुढे धरलं. मुलीनं ते घेतलं. शर्टावर दोन पंजे उमटले होते, एक खिशावर आणि एक त्याच्या जरा खाली.

"अजून पोरकटपणा जात नाही त्याचा," बाई हसून म्हणाल्या. "पण मनानं अगदी गरीब आहे हो."

"ते तुम्हाला ठाऊक, त्याला ठाऊक," ड्रायव्हर म्हणाला. "हिला कोण सांगणार?"

दुसरं कुणी असतं तर या वाक्यावर वरमलं असतं. पण बाईंनी छत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं होतं, आणि 'हिला कोण सांगणार' असं पालक म्हणाले की त्याला एकच उत्तर असतं, अशी त्यांच्या जिभेला सवय होती.

"मी सांगते की," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. आठला त्याची गाडी सुटायची, त्याआधी दोघांना शाळेत सोडायचं होतं. तुम्ही फक्त साखळी लावत जा, तेवढं पुष्कळ झालं, असं त्यानं सांगून पाहिलं. बाईंनी त्याला समजावलं, की साखळीनं कुत्रा थांबतो, भीती थांबत नाही. आज माझा कुत्रा आहे, उद्या दुसऱ्याचा असेल, मग काय पोरीनं जन्मभर बापाच्या पाठीमागे लपायचं? बोलणं चुकीचं नव्हतं. फक्त पाच मिनिटं द्या रोज, चार दिवसांत फरक दिसेल. ड्रायव्हर मुलीकडे बघत राहिला. पांढऱ्या केसांच्या बाईशी भर रस्त्यात वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"शिकशील ना गं?" बाईंनी वाकून विचारलं.

मुलीनं आधी बापाच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हो, शिकेन," ती म्हणाली.

असं चटकन 'हो' म्हणणारी मुलं बाईंना फार आवडत.

ठोंब्याला साखळी नव्हती असं नाही. लाल कातडी पट्ट्याची चांगली दणकट साखळी होती. पण घरामागच्या फाटकाची कडी तुटली होती आणि गेली दोन वर्षं ते फाटक त्या साखळीनं बांधलेलं होतं. तळ्याच्या तोंडाशी पाटी होती, कुत्री बांधूनच आणावीत म्हणून. ती बाईंना पाठ होती. ती पाटी ज्यांची कुत्री ऐकत नाहीत त्यांच्यासाठी आहे, असं त्या मानत. ठोंब्या ऐकायचा. तिसऱ्या हाकेला, कधी पाचव्या, पण ऐकायचा. त्याचं नावही असंच पडलेलं. आख्ख्या नोकरीत एकाही मुलाला त्यांनी ठोंब्या म्हटलं नव्हतं. शब्द कोरा करकरीत शिल्लक राहिला होता, तो निवृत्तीनंतर कुत्र्याच्या वाट्याला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपघराच्या वळणावर पहिला धडा झाला. झाड व्हायचं. पाय जोडायचे, हात काखेत दाबायचे, नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवायची, आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतो, ओरडणाऱ्यावर भुंकतो. झाडाला तो फक्त हुंगतो आणि निघून जातो. हे बाईंनी कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. बाकं सरकवून मधे सगळ्यांची झाडं करायची आणि स्वतः कुत्रा होऊन त्यांच्यातून हुंगत फिरायचं. मुलं हसून हसून मोडून पडत.

ही मुलगी हसली नाही, पण अशी झाड झाली, की बाईंनी बापाकडे कौतुकानं पाहिलं. ठोंब्यानं तिचे बूट हुंगले, गुडघे हुंगले, काखेत दडवलेल्या बोटांना नाक लावलं. तिचे ओठ हलत होते. वीस झाल्यावर तिनं मान वर केली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. बघ, काही केलं का त्यानं?"

"नाही."

बाईंची शिकवण्याची रीत अशीच होती. मूल चुकलं तर त्या रागवत नसत, हात उगारणं तर लांबच. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा तेच, त्याच गोड आवाजात. जिन्याला घाबरणारी मुलं त्यांनी जिना चढवली होती, वजाबाकीला घाबरणारी वजाबाकीतून पार नेली होती. मूल बरोबर उत्तर देऊ लागलं, की पुढच्या बाकाकडे सरकायचं.

तिसऱ्या दिवशी मुलीनं पालथी मूठ ठोंब्याच्या नाकासमोर धरली. चौथ्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. त्या दिवशी मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईंनी तिला अजिबात घाई केली नाही. राहू दे, म्हणाल्या, आज नाही तर उद्या करू, त्यात काय. आपल्याला उद्याचा दिवस आहेच. ड्रायव्हर आता दप्तरं अडकवायला सायकल आणू लागला होता; ती धरून तो थोडा पुढे उभा होता. सायकलची घंटी फडक्यानं पुसत राहिला.

पाचव्या दिवशी तिनं हात फिरवला. मानेपासून शेपटीपर्यंत, एकदाच, इस्त्री फिरवावी तसा.

"कसा लागला हाताला?" बाईंनी विचारलं.

"मऊ आहे."

बाईंना भरून आलं. पर्समधून लाल पेन काढून त्यांनी तिच्या मनगटावर चांदणी काढली, वर्गात काढायच्या तशीच, एकदाही हात न उचलता. थँक्यू बाई, असं मुलगी म्हणाली, आणि धाकट्याचा हात धरून चालू लागली.

त्या संध्याकाळी बाईंनी शेजारच्या शिंपीणकाकूंना कुंपणावरून सगळं सांगितलं. शिंपीणकाकूंच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी बाईंकडे आणि मग पायरीवर पसरलेल्या ठोंब्याकडे पाहिलं.

"म्हणजे हा ऐकत नाही म्हणून लोकांच्या पोरीला शिकवलंस होय," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. दोघांपैकी एकानं तरी शिकायला हवंच होतं."

"तुला नाही कळायचं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. शिंपीणकाकूंची जीभ कात्रीसारखी आहे, हे गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

रविवारी ठोंब्याच्या पंजात काच गेली. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि चार दिवस घरात ठेवायला सांगितलं. सोमवारी सकाळी बाई सवयीनं एकट्याच निघाल्या. जाताना वाटलं, मुलगी विचारेल, आज ठोंब्या कुठाय. तिला काचेची गोष्ट सांगायची; पट्टी बघायला घरीच बोलवायचं. पंपघराच्या मागच्या बाजूला आल्या आणि बुटाची नाडी सुटली म्हणून त्या भिंतीचा आधार घेऊन वाकल्या.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"इथून पुढे बोलायचं नाही. पाय जोड."

थोरलीचा आवाज होता. बाईंनी भिंतीच्या कडेनं पाहिलं. वळणावर दोघंच होती. बाप मागे, बराच लांब, सायकलची उतरलेली चेन लावत बसला होता.

"कुत्रा नाहीये," धाकटा म्हणाला.

"येतो. पुढून नाही आला की मागून येतो. हात काखेत घाल. असे नाही, आतपर्यंत. बोटं दिसली की तो चाटतो."

बाईंना हसू आलं. काय शिकवते आहे बघा, त्यांच्या मनात आलं. अगदी माझीच लकब. पुढे होऊन शाबासकी द्यावी म्हणून त्या उठल्याही.

"मला रडू येतंय," धाकटा म्हणाला.

"रडायचं नाही. मी रडले ना, तर बाईंनी आणखी एक दिवस शिकवलं."

बाई उठल्या तशाच थांबल्या.

"मग काय करायचं?"

"वीस म्हणायचे. मग हात लावायचा. मग म्हणायचं, मऊ आहे. तसं म्हटलं की संपतं."

"मऊ आहे?"

"मला नाही माहीत," थोरली म्हणाली. "मी हाताकडे लक्षच देत नाही."

धाकट्यानं थोडा विचार केला. आपण त्या दुसऱ्या रस्त्यानं का जात नाही, असं त्यानं विचारलं. तिकडून ट्रक जातात आणि कडेला चालायला जागा नाही, हे तिनं त्याला सांगितलं, रोज सांगावं लागत असल्यासारखं. बाबांनी परवा तिकडून नेऊन पाहिलं होतं ना, आठवत नाही का. तुझी टोपी उडाली ती?

"बाबांना सांग ना, कुत्र्याला बांधा म्हणावं."

"बाबांनी सांगितलं होतं. बाई मोठ्या आहेत. मोठ्यांना दोनदा सांगत नाहीत." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि त्या चांगल्या आहेत. ओरडत नाहीत. आपण चांगलं केलं नाही, तर त्यांचं तोंड एवढंसं होतं. चल, पाय जोड."

दोघं उभी राहिली. थोरलीनं डोळे मिटले नव्हते. नजर अंगठ्यावर होती, शिकवल्याप्रमाणे. डावं मनगट काखेत जाण्याआधी क्षणभर दिसलं. चांदणीची शाई गेली होती, पण तेवढ्या जागेवरची कातडी घासून घासून लाल झाली होती, त्यामुळे चांदणी अजून होती तिथे होती.

वाटेवर कुणी नव्हतं. तळ्यावरून वारा येत होता, त्यानं मुलीच्या वेणीची रिबीन हलत होती. बाकी काहीच हलत नव्हतं.

एक वाक्य पुरे होतं. ठोंब्या घरी आहे, बाळांनो, जा. बाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण ते बोलायला भिंतीच्या बाहेर जायला हवं होतं, आणि आपण बाहेर गेलो की काय होईल ते त्यांना आता दिसत होतं. मुलगी मान वर करेल. त्यांच्या मागे कुत्रा आहे का ते बघेल. मग त्यांचं तोंड बघेल, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून विचारेल, बाई, आज ठोंब्या कुठाय?

आणि आठवड्यापूर्वी, नव्हे, अगदी तासाभरापूर्वी, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला असता. छत्तीस वर्षं ज्या ज्या बाकावरून 'कळलं बाई' असं आलं होतं, तिथे तिथे त्यांनी तो ठेवला होता. जिन्यावर चढवलेला एक मुलगा त्यांना आठवला. वरच्या पायरीवर उभा राहून तो हसला होता. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. तो खाली कसा उतरला, ते काही केल्या आठवेना.

त्यांचा हात आपसूक पर्सकडे गेला. रुमाल हवा होता. बोटांना लाल पेन लागलं. त्यांनी हात झटकन बाहेर काढला.

पलीकडे धाकटा हळूच म्हणाला, "ताई, आला?"

"अजून नाही. हलू नकोस."

सुटलेली नाडी बाईंच्या बुटाखाली आली होती. पाऊल उचललं असतं तर आवाज झाला असता. त्यांनी दोन्ही पाय जवळ घेतले. हातांचं काय करावं सुचेना, तेव्हा ते काखेत गेले. नजर खाली, बुटाच्या टोकावर. आणि भिंतीच्या या बाजूला, मुलं पुढे जाईपर्यंत आपण कुणाला दिसू नये म्हणून, बाई मोजू लागल्या.

वीस झाले. मुलं अजून उभीच होती.

बाईंनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.