डोरीनचं अंडं

नाक मुरडू नका. व्हिनेगरचा वास आहे. फिल्म म्हातारी झाली की असाच वास मारते. मी तिचा पत्र्याचा गोल डबा, जन्म न्यूयॉर्कचा. मालक मिल्टन झारेट्स्की. प्रौढांच्या उघड्यावाघड्या सिनेमात कला आणणारा पहिला माणूस म्हणून आज त्याचं नाव घेतात. ती कला कुठे गेली, ते मला विचारा.

त्याच्या पहिल्याच चित्रपटात शेजेवरून उठून डोरीन नावाची नटी स्वयंपाकघरात उकडलेलं अंडं सोलत बसते. बोलत काही नाही, पण चेहऱ्यावर तिचं अख्खं लग्न दिसतं. मिल्टननं त्यापायी एक दिवस आणि टोपलीभर अंडी घालवली.

गस पापालार्डो हा थेटरांना माल पुरवणारा. त्यानं ते पाहिलं आणि सिगार विझवली.

"मिल्टन, लेका, माझं गिऱ्हाईक काय नाश्त्याला येतं?"

"गस, ते अंडं हीच तर खरी फिल्म आहे."

"मग ती तुझ्या घरी लाव. थेटरात उरलेली लागेल."

कात्री चालली आणि अंडं माझ्या पोटात आलं. थेटरं मात्र भरून वाहिली.

"आईला दाखवता येईल असा माझा तेवढाच तुकडा होता रे," डोरीन म्हणाली.

"एकदा नाव होऊ दे. मग पहिलं काम ते जोडायचं," मिल्टननं शब्द दिला.

नाव झालं. मी कपाटात, घर उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या गरम नळाला टेकून पडलो. धंदा चालू असताना मोडतोड कोण दुरुस्त करतो?

गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयानं त्याचा सत्कार ठेवला, तेव्हा त्याला माझी आठवण झाली. मला काखेत मारून तो तिथे गेला. "आता हे जोडा," म्हणाला. तिथल्या बाईंनी झाकण काढलं. आत गुळाच्या ढेपेसारखा एकच गोळा.

"सर, हे आता उलगडायचं नाही."

मग पडद्यावर लागली ती गसनं कापलेलीच प्रत. टाळ्या थांबेनात. एका समीक्षकानं विचारलं, "इतकं निर्दयपणे कापायचं धाडस आलं कुठून?"

मिल्टन घोटभर पाणी प्याला. मला वाटलं, आता गसचं नाव घेईल.

"कलावंतानं स्वतःवर दया करू नये," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून डोरीन काठी टेकत उठली. "मिल्टन, माझं अंडं कुठाय?"

लोक हसले. मिल्टनही हसला.

जाताना त्यानं कोट नेला, मानपत्र नेलं. मी टेबलावरच राहिलो. आता मला टाकायचं तर टाका. फक्त झाकण नीट लावा. आत एक बाई अजून अंडं सोलते आहे.