सपाट झालेली आठ पेनं

उल्हासनगरच्या त्या खासगी हॉस्पिटलात मेंदूचा आलेख काढावा तो भीमरावांनीच. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवल्या, मशीन चालू केलं, की आठ पेनं कागदावर खरखरत लाटा काढायची. अकरा वर्षं हा मान त्यांचा. मग एक्क्याण्णव साली अंबरनाथहून कुंदा आली, चोवीस वर्षांची, कोर्स केलेली. ऑपरेशन चालू असताना भुलीनं मेंदूतल्या लाटा कशा बदलतात ते भूल देणाऱ्या मॅडमना बघायचं होतं. त्यांनी निवडलं कुंदाला. भीमरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. मत्सराला कसलीच भूल चढत नाही.

"काका, आत अजून काय ध्यानात ठेवू?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी, कुंदानं विचारलं.

सांगण्यासारखं एक होतं. इथं येण्याआधी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी ते शंभरदा पाहिलेलं. औषध शिरेत गेलं की लाटा आधी बारीक, घाईच्या होतात, मग मोठ्या आणि सुस्त. डोस वाढला की पेनं सरळ रेघ ओढतात, मध्येच एखादी उसळी, पुन्हा सरळ. पेशंट मेलेला नसतो. औषध उतरलं की लाटा परत येतात.

"काही नाही. तारा टाइट लाव, बस," ते म्हणाले. पोरगी आत 'पेशंट गेला' म्हणून बोंब ठोकेल आणि पुढच्या खेपेला आपल्याला बोलावतील, असा त्यांचा बेत.

मंगळवारी ते ऑपरेशन थिएटरच्या दाराला कान लावून उभे राहिले. आत खरखर थांबली. पण कुणी ओरडलं नाही.

दुपारी मॅडमनी कागद टेबलावर पसरला. कडेला कुंदानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'नऊ बारा, औषध. नऊ तेरा, रेघ सरळ. तारा तपासल्या, ठीक. मॅडमना सांगितलं.'

"हे असं लिहायला कुणी शिकवलं तुला?"

"काकांनी, मी नवी आले तेव्हा. दिसेल ते टायमासकट लिहायचं, निकाल आपण द्यायचा नाही."

मॅडम वळल्या. "भीमराव, मुंबईत तुम्ही हे पाहिलं असेल. हिला आधी सांगायचं ना. घामाघूम झाली होती."

कुंदा भीमरावांकडे बघत होती. सोमवारी विचारलं होतं, हे ती बोलली नाही. पाहिलंय म्हणावं, तर मनातलं काळं उघडं पडणार.

"नाही मॅडम," भीमराव म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं."

मॅडमना नवल वाटलं. "बरं. कुंदा, काकांना नीट समजावून दे." आणि त्या राउंडला गेल्या.

कुंदा पहिल्या बारीक लाटेपासून समजावू लागली. सरळ रेघेतली उसळी आली, तेव्हा म्हणाली, "इथं तार हलली असणार, काका." साफ चूक; ती मेंदूचीच लाट होती. ओठांवर आलेलं भीमरावांनी गिळलं, आणि मान डोलावली.